न सांगता कळलं पाहिजे?



गेल्या भाद्रपदातली गोष्ट. दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस होता, उत्तम आर्जव धर्माचा. अभिषेक-पूजा आटोपून बस्तीतून घरी आले, तर लेक ओट्याला टेकून उभी. आदल्या रात्रीच पुण्याहून आली होती, शनिवार-रविवार जोडून. माझं एकाशन होतं. पर्वात हिरवी भाजी नाही, त्यामुळे मुगाचं वरण, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढाच बेत. भाकरी थापता थापता मी हळूच विषय काढला.

"मग? दुसऱ्यांदा भेटलीस ना त्याला? काय ठरवलंस?"

"नको म्हणून कळवूया."

"का गं?"

"काही वाटलंच नाही गं आई त्याला बघून."

तव्यावरची भाकरी तशीच राहिली आणि करपली.

मुलगा इचलकरंजीचा. घरचे यंत्रमाग आहेत, स्वतः पुण्यात नोकरीला. समाजाच्या वधू-वर मेळाव्यातून माहिती आलेली. माणसं चांगली, मुलगा निर्व्यसनी. आणखी काय पाहिजे असतं आईला? पण लेक म्हणाली, "पहिल्या भेटीत त्याने काय विचारलं माहीत आहे? माझ्या गाडीचा हप्ता अजून किती वर्षं आहे!"

मला हसू आलं आणि रागही आला. म्हटलं, "सिनेमे बघून डोकी फिरलीत तुमच्या पिढीची. तो समोर आला की वारा सुटेल, ओढणी उडेल, मागे कुणीतरी व्हायोलिन वाजवेल, असं वाटतंय का तुला?"

तिने शांतपणे करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आणि दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तू पप्पांशी दोन दोन दिवस बोलत नाहीस, ते कुठल्या पिढीचं?"

मैत्रिणींनो, त्या दिवशी एकाशनाला बसले खरी, पण घास घशाखाली उतरेना. कारण पोरगी खरं बोलली होती.

सिनेमा आपल्या घरात किती शिरलाय, ते वरवर बघायचं तर सोपं आहे. 'हम आपके हैं कौन' १९९४ साली आला, आणि त्यानंतर आपल्याकडच्या लग्नांत नवरदेवाचे बूट पळवायची चढाओढ लागली. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५ चा. त्यातल्या करवा चौथने आपल्या बायकांना चाळण हातात दिली. आमच्याच सोसायटीत आपल्या दोघी-तिघी सुना गच्चीवर चाळणीतून चंद्र बघतात. सांगलीत ना आपल्या सासूने हे व्रत केलं, ना आजेसासूने. एरवी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न पिणाऱ्या आपण, आणि हा उपवास सोडायचा तो चंद्र उगवल्यावर! मी एकीला गंमतीने म्हटलं, "अगं, चंद्र बघ, पण जेव सकाळी." ती लाजून हसली. तिच्या नवऱ्याने त्या रात्री स्वतःहून तिचा फोटो काढला होता, तेवढ्यासाठी तिने ते केलं होतं. तिला नावं ठेवायला माझी जीभ वळेना.

हे सगळं डोळ्यांना दिसतं. चाळण काय, बूट काय, आज आहेत, उद्या जातील. पण सिनेमातून एक गोष्ट अशी आत शिरते की ती सिनेमातून आली हेही आपल्या लक्षात राहत नाही. ती म्हणजे, ज्याचं खरं प्रेम आहे त्याला न सांगता कळलं पाहिजे.

'दिलवाले'तला तो प्रसंग आठवतोय? ती पाठ फिरवून चालू लागते, आणि तो मनाशी म्हणतो की हिचं माझ्यावर प्रेम असेल तर ही वळून बघेल. ती वळते. थिएटरमध्ये शिट्ट्या. मी तेव्हा कॉलेजात होते. मैत्रिणींबरोबर तीनदा पाहिला तो सिनेमा, घरी दोनदाच सांगितलं. आम्हाला तो प्रसंग म्हणजे प्रेमाची परीक्षा वाटायची. आज कळतं की त्या परीक्षेची मुख्य अट एकच आहे. जिची परीक्षा आहे, तिला परीक्षा चालू असल्याचं सांगायचंच नाही.

१९९८ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं. यांचं मार्केट यार्डात हळदीचं आडत दुकान. पहिल्या दिवाळीला 'कुछ कुछ होता है' लागला होता. यांनी स्वतःहून तिकिटं काढली, तीनच्या खेळाची. मी मोरपंखी साडी नेसले, गजरा माळला. सिनेमा तीन तासांहून मोठा. आणि आमचे हे मध्यंतरानंतर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतायत. शेवटी नायिका दुसऱ्याच्याच मांडवात उभी, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि हे माझ्या कानाशी म्हणतात, "चल, निघूया. सूर्यास्त होईल."

त्या सिनेमाचा शेवट मी पुढे कधीतरी टीव्हीवर पाहिला. त्या संध्याकाळी रिक्षात मी एक शब्द बोलले नाही. मनात म्हटलं, पदरात अरसिक माणूस पडला. यांना वाटलं, माझं डोकं दुखतंय. घरी जाऊन घाईघाईने चार घास खाल्ले आणि झोपले.

तेव्हापासून माझी एक अदृश्य वही सुरू झाली. पहिला वाढदिवस विसरले, लिहा. माहेरी पोचवायला स्वतः न येता भाच्याला पाठवलं, लिहा. नवीन साडीकडे लक्ष गेलं नाही, लिहा. यांच्या आडतीच्या खातेवहीत चुका सापडायच्या, माझ्या वहीत कधीच नाही. आणि या वहीतलं एकही पान मी यांना दाखवलं नाही. सांगून केलं तर त्यात प्रेम कसलं?

लेकीने टोकलं त्याच दिवशी दुपारी बस्तीत प्रवचनाला बसले होते. विषय आर्जव. मनात असेल ते बोलण्यात, बोलण्यात असेल ते कृतीत, असा सरळपणा. महाराजांनी अंजनासतीची कथा घेतली. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातली ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. पण त्या दिवशी मी ती जणू पहिल्यांदा ऐकली.

अंजना आणि पवनंजय यांचं लग्न ठरलेलं. लग्नाला थोडे दिवस उरलेले असताना तिला बघायला तो मित्राबरोबर गुपचूप जातो. तिथे अंजनेची एक सखी दुसऱ्याच एका राजकुमाराची, विद्युत्प्रभाची, स्तुती करत असते. अंजना काहीच बोलत नाही. लपून ऐकणारा पवनंजय ठरवून टाकतो की हिच्या मनात तो दुसरा आहे, म्हणूनच ही गप्प. लग्न करतो आणि तिच्याकडे पाठ फिरवतो. बावीस वर्षं! एकाच राज्यात, एकाच महालात. ती रडत राहते, माझं काय चुकलं म्हणून. तो कुढत राहतो. आणि बावीस वर्षांत "तू तेव्हा गप्प का होतीस?" हा एक प्रश्न तो विचारत नाही.

पुढे युद्धाला जाताना मानसरोवराकाठी रात्री जोडीदाराविना तळमळणारी चक्रवाकी त्याला दिसते आणि त्याचं मन वितळतं. एका पक्षिणीचं दुःख कळलं तेव्हा कुठे बायकोचं दुःख कळलं. तो रातोरात गुपचूप परत येतो, अंजनेला भेटतो, आणि कुणाला न सांगता पुन्हा युद्धावर जातो. परत न सांगणंच! तिला दिवस जातात तेव्हा तो आला होता यावर सासूचा विश्वास बसत नाही. ती घराबाहेर काढली जाते आणि रानात, गुहेत, हनुमानाला जन्म देते.

आपण या कथेत अंजनेच्या शीलाचं आणि कर्मोदयाचं वर्णन ऐकतो, ते आहेच. पण त्या दुपारी मला त्यात फक्त दोन गप्प माणसं दिसली. वाटलं, ही काही सिनेमाने लावलेली सवय नाही, जुनीच आहे. फरक एवढाच की पुराण या गप्प राहण्याचे हाल दाखवतं, आणि सिनेमा त्यालाच प्रेम म्हणून सजवतो.

आता जे लिहितेय ते इथे लिहावं की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला. यांना विचारून लिहितेय.

१९९९ साली मला दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात पोट गेलं. हळदीचा हंगाम होता. तिसऱ्या दिवशी सकाळी हे कपडे करून दुकानात गेले. सौदे होते. मी आतल्या खोलीत पडून फाटकाचा आवाज ऐकला. माझ्या वहीतलं ते सगळ्यात मोठं पान. त्यानंतर लेक झाली, ती मोठी झाली, संसार झाला, तीर्थयात्रा झाल्या. पण कुठल्याही भांडणात, भांडण साडीचं असो की सिलिंडरचं, ते पान आपोआप उघडायचं. सव्वीस वर्षं. म्हणजे अंजनेपेक्षा चार वर्षं जास्तच.

क्षमावाणीच्या दिवशी आपण काय करतो? सकाळपासून फोन. "उत्तम क्षमा, वर्षभरात काही चुकलं असेल तर..." मामेसासूला, व्याह्यांना, जुन्या शेजाऱ्यांना. घरातल्या माणसाला मात्र चहाचा कप देता देता "उत्तम क्षमा हं" म्हटलं की झालं. यंदा मी तसं केलं नाही. लेक पुण्याला परत गेलेली. संध्याकाळचं जेवण लवकर उरकून आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. मी म्हटलं, "मला तुमची क्षमा मागायचीय आणि तुम्हाला क्षमा करायचीय. पण कशाबद्दल ते तुम्हाला माहीत नाही. ते आधी सांगते."

आणि सांगितलं. फाटकाच्या आवाजासकट.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू भिंतीकडे तोंड करून झोपायचीस. मी खोलीत आलो की कूस बदलायचीस. मला वाटलं, मी समोर नकोय तुला. आईपण म्हणाली, तिला बायकांतच बरं वाटेल, तू तिथे घुटमळू नकोस. म्हणून गेलो."

मी कूस बदलायचे हे खरं होतं. मी वाट बघत होते की हे येऊन माझा खांदा धरून मला आपल्याकडे वळवतील. आणि हे दारात उभे राहून वाट बघत होते की मी वळेन.

मग बोलता बोलता त्या दिवाळीतल्या सिनेमाचा विषय निघाला. हे म्हणाले, "तू सकाळी अकराला जेवली होतीस. सूर्यास्त टळला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी राहिली असतीस. माझं काय, मला तेव्हा कुठे रात्रीभोजनाचा त्याग होता?" मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "मग तेव्हाच बोलला का नाहीत?" तर म्हणतात, "त्यात सांगायचं काय? मला वाटलं, तुला कळलं असेल."

म्हणजे बघा. यांनी आयुष्यात जेमतेम दहा सिनेमे बघितले असतील, आणि रोग तोच!

लेकीला फोनवर हे सगळं सांगितलं, तर तिने मला मोबाईलवर शोधून एक माहिती वाचून दाखवली. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरातल्या हेरियट-वॉट विद्यापीठात २००८ साली यावर अभ्यास झालाय. १९९५ ते २००५ या काळातले चाळीस गाजलेले प्रेमपट त्यांनी तपासले. असे सिनेमे आवडीने बघणाऱ्यांमध्ये अनेकांची हीच समजूत त्यांना दिसली, की योग्य माणूस असेल तर त्याला माझ्या मनातलं न सांगता समजेल. मी म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली, "आई, सिनेमामुळे माणसं अशी होतात, की अशी माणसंच असे सिनेमे बघतात, हे कसं ठरवायचं?" तिच्या बापाकडे बघितलं तर तिचं म्हणणंही पटतं.

आणि तिने मला आणखी एक ऐकवलं. "सगळे सिनेमे सारखे नसतात. 'सैराट' आला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. पळून जाईपर्यंतचा भाग सगळ्या मुलींनी डोक्यावर घेतला. मला पुढचा भाग लक्षात राहिला. हैदराबादची ती खोली, पाण्याची मारामार, त्याचा संशय, भांडण. त्या सिनेमानेच मला शिकवलं की प्रेम झाल्यावर घर चालवावं लागतं." मी 'सैराट' शेवटच्या भीतीने पूर्ण बघितलाच नव्हता. आता बघितला. पोरगी खरं सांगत होती.

शिवाय एक गोष्ट मला सिनेमाच्या बाजूनेही सांगायला हवी. माझ्या आजीने लग्नाआधी आजोबांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि तिला काय हवंय हे जन्मभर कुणी विचारलं नाही. तिच्या मनात इच्छा नव्हती असं थोडंच आहे? ती उघड बोलायची सोय नव्हती. बाईला काही वाटतं, तिला कुणीतरी हौसेने बघावं असं वाटू शकतं, एवढं तरी या सिनेमांनी आमच्या पिढीच्या कानावर घातलं. इच्छा धरायला शिकवलं, हे चांगलंच झालं. ती तोंडाने सांगायला मात्र शिकवलं नाही.

आणि हेही खरं की प्रत्येक गप्प माणसाच्या पोटात प्रेम दडलेलं असतं असं नाही. हे वाचून कुणी आपल्या नवऱ्याच्या दुर्लक्षाला उगीच छान अर्थ लावत बसू नका. आमचे हे लग्नाचा वाढदिवस विसरतात, त्यात काही गुपित नाही. विसरतात म्हणजे विसरतात. मार खाणारी, पाणउतारा सोसणारी बाई "तो मनाने चांगला आहे" म्हणत राहते, ते तर सिनेमातलं सगळ्यात घातक वाक्य आहे. सरळ बोलण्याचा फायदा हाच, की समोरच्याच्या मनात काही आहे की नाही तेही सरळ कळतं.

आता लेकीचं काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही फोन करून विचारालच.

मी तिला एवढंच म्हटलं, "'काही वाटलं नाही' हे कारण नाही. काय वाटायला हवं होतं ते आधी स्वतःला विचार, मग त्याला विचार. तो ओळखतो का, याची वाट बघू नकोस." ती तिसऱ्यांदा भेटली. गाडीचा हप्ता का विचारलास, हेही विचारलं. तो म्हणाला, लग्नानंतर दोघांवर कर्ज किती असेल ते आधीच माहीत असावं म्हणून. तिला ते आवडलं. मग तिने तिच्या मनातलं विचारलं. "मी एकुलती एक आहे. पुढे आई-पप्पांना गरज पडली तर ते आपल्याकडे राहतील. चालेल?" मुलगा सरळ होता. म्हणाला, आमच्या घरात हे जमणार नाही, मी खोटं सांगणार नाही.

नकार कळवला. पण या वेळी दोन्ही घरांत कारण माहीत होतं आणि कुणाच्या मनात अढी राहिली नाही. त्याच्या आईने मला फोन करून म्हटलं, "मुलगी स्पष्ट आहे हो तुमची." मला ती तक्रार वाटली नाही.

काळजी आहेच. पुढच्या मेळाव्याचा फॉर्म भरून ठेवलाय. लेक म्हणते, "वारा सुटला तर सुटला, नाही सुटला तर पंखा लावू."

आणि आमचं? यांनी दुकानातल्या कॅलेंडरवर मे महिन्यात पेन्सिलीने गोल करून ठेवलाय. पण कार्तिकात माझ्या वाढदिवसाला पुन्हा विसरले. सकाळी नऊला मी दुकानात फोन लावला आणि म्हटलं, "आज माझा वाढदिवस आहे, मला राग आलाय, आणि मला संध्याकाळी पाच वाजता बाहेर जेवायला जायचंय." पलीकडे सौद्याचा गलका. हे म्हणाले, "पाचला येतो." साडेपाचला आले. सूर्यास्ताच्या आत पोटभर जेवलो. पूर्वी ज्याला दोन दिवस लागायचे, ते यंदा एका फोनमध्ये मिटलं.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही अशी एखादी वही असेल. पुढच्या क्षमावाणीची वाट बघू नका. त्यातलं एक पान, अगदी छोटंसं का होईना, आज संध्याकाळी ज्याचं आहे त्याला वाचून दाखवा. आणि त्याच्या वहीत तुमचं कुठलं पान आहे, तेही विचारा.

जय जिनेंद्र.